तुरुंगाचे दार उघडले, दवाखान्याचे बंद

एरवी अमेरिकेतील कोणत्याही राजकीय पक्षाला जे धाडस झाले नसते, ते २०२० च्या वसंत ऋतूत एका विषाणूने घडवून आणले. कैद्यांच्या संख्येत जगात अग्रेसर असलेल्या त्या देशाने आपल्या तुरुंगांची दारे किलकिली केली. दाटीवाटीच्या कोठड्यांतून करोनाची साथ वणव्यासारखी पसरेल, ती पहारेकऱ्यांच्या अंगावरून गावात जाईल, या भीतीने किरकोळ गुन्ह्यांतील कैदी सोडण्यात आले. नव्या अटका आवरत्या घेतल्या गेल्या आणि जामिनाच्या अटी सैल झाल्या. जून २०१९ अखेरीस तेथील स्थानिक तुरुंगांत सात लाख चौतीस हजारांवर माणसे होती. जून २०२० अखेरीस ती संख्या पाच लाख एकोणपन्नास हजारांवर आली. एका वर्षात एक चतुर्थांश घट झाली.

मानवतेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि दार उघडणे म्हणजे सुटका करणे नव्हे. ज्यांना बाहेर जाऊ दिले, त्यांतील फार मोठा वर्ग व्यसनाने ग्रासलेला होता. अमेरिकी न्यायखात्याच्या आकडेवारीनुसार २००७ ते २००९ या काळात स्थानिक तुरुंगांत शिक्षा भोगणाऱ्यांपैकी ६३ टक्के कैदी मादक द्रव्यांच्या अधीन असण्याच्या किंवा त्यांच्या घातक सेवनाच्या वैद्यकीय निकषांत बसत होते. ही माणसे बाहेर पडली, तेव्हा व्यसनोपचाराचे दवाखाने एकतर बंद होते किंवा नवा रुग्ण घेण्यास तयार नव्हते. एका साथीपासून वाचविण्यासाठी ज्यांना सोडले, ते दुसऱ्या आणि जुन्या साथीच्या तोंडी गेले.

पहिला पंधरवडा

व्यसनी माणूस तुरुंगात असतो तेव्हा मादक द्रव्यापासून बहुधा दूर राहतो. मग सुटकेच्या वेळी तो अधिक निरोगी असला पाहिजे, असा सामान्य समज असतो. अफूवर्गीय द्रव्यांच्या बाबतीत हा समज प्राणघातक ठरतो. हेरॉइनसारख्या द्रव्याची शरीराला सवय झाली की तीच नशा येण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. आणि काही आठवडे द्रव्य मिळाले नाही की ही सवय मोडते. मोडत नाही ती तलफ. बाहेर आलेला माणूस पूर्वीचीच मात्रा घेतो, आणि जी मात्रा तो दोन महिन्यांपूर्वी सहज पचवीत होता तीच त्याचा श्वास थांबवते.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याच्या कारागृहांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३० हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातील इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरा पट होता. अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट आढळला. ज्या पंधरवड्यात माणूस निवारा, काम आणि दुरावलेले नातेवाईक यांच्या शोधात असतो, तोच त्याच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ असतो.

२०२० मध्ये या धोक्यात फेंटॅनिलची भर पडली होती. मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट तीव्र असलेले हे कृत्रिम द्रव्य अमेरिकेच्या चोरट्या बाजारात हेरॉइनमध्ये मिसळले जात होते आणि अनेक ठिकाणी त्याने हेरॉइनची जागाच घेतली होती. अमेरिकेत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने २०१९ मध्ये ७०,६३० माणसे दगावली. २०२० मध्ये ९१,७९९ आणि २०२१ मध्ये १,०६,६९९. ही सारी वाढ तुरुंगातून सुटलेल्यांच्या खाती मांडता येणार नाही. फेंटॅनिलचा फैलाव, साथीतले एकाकीपण, बुडालेले रोजगार, अशी तिची कारणे अनेक आहेत. परंतु या लाटेत सर्वांत कमी आधार असलेले लोक कोण होते, हे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नाही.

औषध आहे, वाट नाही

अफूवर्गीय व्यसनावर औषध नाही असे नाही. मेथाडोनचा उपचार १९६५ पासून ज्ञात आहे. ब्युप्रेनॉर्फिन २००२ पासून अमेरिकेत या कामी वापरले जाते. दोन्ही औषधे तलफ शमवतात आणि अंमल उतरताना होणारे हाल थांबवतात. ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, त्यामुळे ते तुलनेने सुरक्षित समजले जाते. इंग्लंडमधील २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की सुटकेच्या वेळी या औषधांवर असलेल्या कैद्यांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू उपचार नसलेल्यांपेक्षा सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी होते. एखाद्या हृदयरोगावर असे औषध सापडले असते, तर ते घरोघरी पोचविण्यासाठी सरकारांची अहमहमिका लागली असती.

प्रत्यक्षात या औषधांभोवती कायद्याचे कुंपण होते. मेथाडोन केवळ परवानाप्राप्त केंद्रातच मिळे, आणि बहुतेकांना ते रोज रांगेत उभे राहून कर्मचाऱ्यादेखत प्यावे लागे. ब्युप्रेनॉर्फिनची चिठ्ठी लिहिण्यासाठी डॉक्टराला वेगळी मुभा मिळवावी लागे. जे द्रव्य वेदनाशामक म्हणून कोणताही डॉक्टर देऊ शकत असे, त्याच जातीच्या द्रव्याने व्यसन बरे करायचे तर खास परवाना हवा, असा हा उफराटा न्याय होता. शिवाय २००८ च्या एका कायद्यान्वये रुग्णाला निदान एकदा प्रत्यक्ष तपासल्यावाचून दूरध्वनीवरून असे औषध सुरू करता येत नव्हते. जो माणूस काल रात्री तुरुंगातून सुटला, ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, भाड्याला पैसे नाहीत, विमा नाही, त्याने या कुंपणातून वाट काढावी अशी अपेक्षा होती.

आणि मग मार्च २०२० मध्ये, जे वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते दोन आठवड्यांत शक्य झाले. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे आणि इतरांना १४ दिवसांपर्यंतचे मेथाडोन घरी नेऊ देण्याची मुभा राज्यांना मिळाली. महिना संपता संपता केवळ दूरध्वनीवर बोलून ब्युप्रेनॉर्फिन सुरू करण्यासही परवानगी देण्यात आली. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांनी दूरध्वनीवर चालणारा ब्युप्रेनॉर्फिनचा दवाखाना उघडला. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात एप्रिल २०२० मध्ये अशी दूरध्वनी सेवा सुरू झाली, की जिच्यावर व्यसनी माणसाने फोन करावा, डॉक्टराशी बोलावे आणि त्याची चिठ्ठी जवळच्या औषधाच्या दुकानात पोचावी.

हा बदल स्वागतार्ह होता. पण त्याचा लाभ घेण्यासाठी हाती फोन असावा लागतो, तो चालू असावा लागतो आणि बोलण्यास आडोसा असावा लागतो. तुरुंगात शिरताना जप्त झालेला फोन सुटकेच्या वेळी परत मिळाला, तरी महिनोन् महिने भाडे न भरल्याने तो बंद पडलेला असतो. ज्या दुकानात चिठ्ठी जाते तेथे पैसे मोजावे लागतात. म्हणजे कायद्याची भिंत पडली, पण तिच्यामागची दारिद्र्याची भिंत तशीच उभी राहिली. ज्यांच्यापाशी घर, फोन आणि विमा होता, त्यांना दवाखाना घरबसल्या लाभला. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते, त्यांच्यासाठी उघडे असलेले दवाखानेही साथीने बंद केले.

दोन खात्यांच्या वह्या

औषध उपलब्ध आहे, त्याचा गुण सिद्ध आहे, आणि तरी ते पोचत नाही, हे कसे? याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा सार्वजनिक अर्थकारणात अधिक सापडते.

अमेरिकेतील स्थानिक तुरुंग म्हणजे शिक्षा झालेल्यांची मोठी कारागृहे नव्हेत. तेथे मुख्यतः कच्चे कैदी आणि अल्पमुदतीची शिक्षा झालेले लोक असतात. ते काउंटी, म्हणजे साधारणतः जिल्हा पातळीवरच्या, सरकारच्या पैशावर चालतात आणि बहुधा शेरीफच्या अखत्यारीत असतात. साथीपूर्वी वर्षाकाठी या तुरुंगांत सुमारे एक कोटी वेळा माणसे दाखल होत. बहुसंख्य लोक काही दिवसांत वा आठवड्यांत बाहेर पडत. गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च करणारी मेडिकेड ही योजना मात्र केंद्र आणि राज्ये यांच्या पैशावर चालते. १९६५ मध्ये ही योजना आली तेव्हाच कायद्याने असे ठरविले, की माणूस तुरुंगात असेतोवर तिचा पैसा त्याच्या उपचारावर खर्च करायचा नाही. त्यामुळे माणूस आत गेला की त्याचे मेडिकेड स्थगित होते, पुष्कळ ठिकाणी रद्दच होत असे. आणि बाहेर आल्यावर ते पुन्हा सुरू होण्यास आठवडे लागत. धोक्याचा पंधरवडा नेमका याच आठवड्यांत येतो.

आता काउंटीच्या हिशेबनिसाच्या जागी उभे राहून पाहावे. तुरुंगात उपचार सुरू केला तर औषधाचा, परिचारिकेचा, पहाऱ्याचा खर्च त्याच्या वहीत पडतो. त्या उपचारामुळे माणूस जगला, कामाला लागला, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेला नाही, तर होणारी बचत मेडिकेडच्या, राज्याच्या आणि समाजाच्या वहीत जमा होते. खर्च एकाच्या वहीत आणि लाभ दुसऱ्याच्या वहीत असला की शहाणा माणूसही खर्च टाळतो. सुटकेनंतरचा मृत्यू तर कोणाच्याच वहीत नसतो. तो तुरुंगातला मृत्यू नव्हे, म्हणून शेरीफला जाब द्यावा लागत नाही. आणि तो रुग्णालयाचा रुग्णही नव्हता. येथे कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. जबाबदारीची वाटणीच अशी झाली आहे की दारातला मनुष्य कोणाचाच नसतो.

कायद्याची विसंगतीही येथेच दिसते. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही घटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षा होय, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरविले. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका संघीय न्यायालयाने, मेथाडोनवर असलेल्या माणसाचे औषध तुरुंगात तोडू नये असा आदेश दिला. अर्थात आत असेपर्यंत औषधाचा हक्क निदान न्यायालयात मागता येतो. उंबरठा ओलांडला की तो हक्क संपतो. स्वतंत्र झालेल्या माणसाचा औषधावरील अधिकार बंदिवानापेक्षा कमी असावा, याइतकी विलक्षण गोष्ट दुसरी कोणती असेल?

जेथे या दोन वह्या एकत्र आल्या, तेथे चित्र बदलले, याचे उदाहरण ऱ्होड आयलंडच आहे. या राज्यात काउंटीचे वेगळे तुरुंग नाहीत. कच्चे कैदी आणि शिक्षा झालेले कैदी एकाच राज्य खात्याच्या ताब्यात असतात. २०१६ मध्ये या खात्याने उपलब्ध असलेली तिन्ही औषधे कैद्यांना देण्यास आणि सुटकेनंतर त्यांना बाहेरच्या केंद्राशी जोडून देण्यास सुरुवात केली. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत अतिमात्रेने मेलेल्यांपैकी २६ जण नुकतेच सुटलेले होते. २०१७ च्या पहिल्या सहामाहीत ही संख्या ९ वर आली. मॅसॅच्युसेट्समधील शेजारच्या दोन ग्रामीण काउंटींची तुलनाही बोलकी आहे. ज्या काउंटीच्या तुरुंगात ब्युप्रेनॉर्फिन दिले जात होते, तेथून सुटलेल्यांपैकी ४८ टक्के पुन्हा कायद्याच्या कचाट्यात सापडले. जेथे ते दिले जात नव्हते तेथे हे प्रमाण ६३ टक्के होते. कैदी पुन्हा तुरुंगात येणे हा काउंटीच्याच वहीतला खर्च आहे, हे लक्षात घेतले तर औषधाचा पैसा वाया जातो असे काउंटीलाही म्हणता येणार नाही.

एका आक्षेपाचा विचार

या उपचाराविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सारेच निष्ठुर असतात असे नाही. एका अमली द्रव्याच्या जागी दुसरे देणे हा कसला उपचार? माणसाने मनोनिग्रहाने पूर्ण मुक्त व्हावे, हेच खरे नव्हे काय? त्यातून घरी दिलेले औषध बाजारात विकले गेले तर?

पूर्ण मुक्ती हे ध्येय म्हणून चांगलेच आहे. पण मेलेल्या माणसाला ते गाठता येत नाही. मधुमेह झालेल्या माणसाला इन्शुलिन देताना, तो आहाराचे पथ्य पाळून स्वतःच का बरा होत नाही, असे कोणी विचारीत नाही. बाजाराची भीती साथीच्या काळात कसोटीला लागली. घरी नेण्याच्या मेथाडोनची मुदत वाढविल्यानंतर अतिमात्रेच्या एकूण मृत्यूंत मेथाडोनचा वाटा वाढल्याचे आढळले नाही. ज्या नियमांना सुरक्षिततेचा आधार म्हणून मिरविले जात होते, त्यांतील पुष्कळ नियम केवळ अविश्वासाचे होते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

अमेरिकेने त्यातून काही धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. ब्युप्रेनॉर्फिनसाठी लागणारी खास मुभा डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याने रद्द झाली. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला, सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांत काही उपचारांवर मेडिकेडचा पैसा खर्च करण्याची परवानगी मिळाली. असे करणारे ते पहिले राज्य. घरी नेण्याच्या मेथाडोनची सवलत २०२४ मध्ये कायम झाली. परंतु याच सुमारास एक हजारावर स्थानिक तुरुंगांच्या पाहणीत असेही दिसले, की यांतील एकही औषध कोणत्याही कैद्याला देणारे तुरुंग निम्म्याहून कमी होते. गरजू असलेल्या प्रत्येकाला ते देणारे तर सुमारे १३ टक्केच होते.

महाराष्ट्रातील कैदी

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. २३ मार्च २०२० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात साथ शिरल्यावर महाराष्ट्रातील सुमारे ३५ हजार कैद्यांपैकी निम्मे तात्पुरते सोडण्याचे ठरले. विशेष कायद्यांखालील कैद्यांना या सवलतीतून वगळण्यात आले होते, आणि त्यांत १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही होता. पण व्यसनी माणूस काही याच एका कायद्याखाली पकडला जात नाही. किरकोळ चोरी, मारामारी, घरातील भांडणे या गुन्ह्यांमागे दारू किंवा गर्द किती वेळा असते, हे पोलीस ठाण्यातील कोणताही हवालदार सांगेल. कोण सोडावा, याचे निकष गुन्ह्याच्या कलमावर आणि शिक्षेच्या मुदतीवर बेतलेले होते. त्याला कोणता आजार आहे आणि त्याचे औषध बाहेर कोठे मिळेल, हा प्रश्न त्या निकषांच्या कक्षेबाहेरचा होता.

भारतातील व्यसनाचे स्वरूप अमेरिकेहून वेगळे आहे. येथे दारू हा मोठा प्रश्न आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज असलेले लोक पावणेसहा कोटींच्या घरात, तर अफूवर्गीय द्रव्यांसाठी तशी गरज असलेले सुमारे ७७ लाख होते. दारूच्या पुरते अधीन झालेल्या ३८ जणांत एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. वह्यांची फाटाफूट मात्र येथेही तशीच आहे. तुरुंग राज्याच्या गृहखात्याकडे. व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याकडून. रुग्णालये आरोग्य खात्याकडे. तिघांच्या मधल्या जागेत कैदी उभा असतो.

वास्तविक मार्ग अगदी अनोळखी नाही. १९८५ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार, लहान प्रमाणातील गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला. पुण्याच्या मुक्तांगण संस्थेने १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम महाराष्ट्राच्या घराघरांत परिचित केले. सामग्री थोडीफार आहे; तिला तुरुंगाच्या दरवाजाशी जोडणारा दुवा नाही.

हा दुवा फार खर्चाचा असण्याची गरज नाही. कैदी आत येताच व्यसनाची वैद्यकीय नोंद व्हावी. ज्याला औषधाची गरज आहे त्याचे औषध आतच सुरू व्हावे. सुटकेच्या दिवशी, मग ती जामिनावर असो वा एखाद्या साथीमुळे घाईने झालेली असो, निदान दोन आठवड्यांचे औषध त्याच्या हाती पडावे आणि जिल्हा रुग्णालयात त्याच्या नावाची वेळ आधीच ठरलेली असावी. सुटलेला माणूस महिन्याभरात दगावला, तर त्या मृत्यूची नोंद तुरुंगाच्याही दप्तरी व्हावी; ज्याची नोंद होते त्याचीच पुढे चौकशी होते. आज सुटणाऱ्याला त्याचे जमा केलेले कपडे आणि चीजवस्तू सही घेऊन परत दिली जाते. त्या यादीत औषधाच्या एका चिठ्ठीची भर घालण्यास कोणत्याही साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.